वॉटवर जाऊ नका

दिवाळीची आवराआवर जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘घरात लहान मुलं, कुत्रा असेल तर जास्तीत जास्त वॉटचा, बिनपिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर घ्या. पिशव्यांचा खर्च नाही, फिल्टर धुतला की झालं. दहा वर्षं बघायला नको.’ आमच्याकडे मुलंही आहेत आणि लॅब्राडोरही. मेसेज मात्र पटत नाही.

वॉटवरून कळतं ते मशीन वीज किती खातं एवढंच. युरोपियन संघाने २०१४ साली १६०० वॉटची कमाल मर्यादा घातली, २०१७ मध्ये ती ९०० वर आणली. म्हणून तिथल्या सतरंज्या काही धुळीने भरल्या नाहीत. कचरा किती ओढला जाईल हे पंखा, तोंडाचा ब्रश, हवा कुठे गळते, यावरही ठरतं.

खरी गोम पिशवीत आहे. पिशवी म्हणजे नुसता डबा नव्हे, ती पहिली गाळणी. बिनपिशवीच्या मशीनमध्ये रांगोळी, टाल्कम पावडर, ड्रिलिंगनंतरची भिंतीची भुकटी यातलं बरंचसं थेट फिल्टरवर जाऊन बसतं. घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा ओढलेली हवाच मोटर थंड ठेवते. फिल्टर चोंदला की हवा कमी, मोटर गरम. मशीन मध्येच गपकन बंद पडतं, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतं, आणि आपण म्हणतो, ‘झालं बाबा ठीक!’

‘फिल्टर धुतला की झालं’ हे तर मी भर जुलैत करून पाहिलंय. रात्रभर पंख्याखाली ठेवला, वरून कोरडा लागला, सकाळी बसवला. घरभर ओल्या कुत्र्याचा वास. मेकॅनिकने उघडलं तर घड्यांमध्ये चिखल थापलेला आणि मोटर गेलेली. पावसाळ्यात दोन दिवससुद्धा कमी पडतात. जोडीला दुसरा फिल्टर हवाच. मग पिशव्यांचे वाचलेले पैसे गेले कुठे?

राहिली दहा वर्षं. वायरच्या बहुतेक मशीनमध्ये कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा छोटा तुकडा) झिजतो, पाइप मुठीपाशी फाटतो. (बिनवायरच्यात त्याआधी बॅटरीच मान टाकते.) म्हणून दुकानात आधी विचारायचं: कार्बन, पाइप, पिशव्या सुट्या मिळतात का? दुकानदार ‘पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागेल’ म्हणाला, तर पुढचं दुकान गाठा.

आता घरात पिशवीवाला आहे, १२०० वॉटचा. पाइप एकदा बदललाय, कार्बन एकदा. ब्रशला गुंडाळलेले केस दर रविवारी मी कात्रीने कापतो, आणि ज्याचे ते केस तो शेजारी बसून बघत असतो.