मिसिसिपीचा वाद मिटला नव्हता

अमेरिकेच्या अटलांटिक सिटीतील समुद्रकाठच्या कन्व्हेन्शन हॉलची भव्यता आणि तिथला प्रचंड ऑर्गन यांचे तुमच्या लेखातील वर्णन सुरेख आहे. मात्र तिथे भरलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या 1964 च्या राष्ट्रीय अधिवेशनात ‘मिसिसिपीचा वाद दोन जागा देऊन मिटवला’ हे त्यातील विधान मला पटले नाही. दक्षिणेकडील मिसिसिपी राज्याचे प्रतिनिधी म्हणून कोणाला बसवायचे, हा तो वाद होता. मिसिसिपीच्या अधिकृत, केवळ गोऱ्यांच्या शिष्टमंडळाला आव्हान देणाऱ्या, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्षाने त्या दोन जागा साफ नाकारल्या होत्या. मतदार म्हणून नाव नोंदवू पाहिले म्हणून मळ्यावरून हाकलल्या गेलेल्या आणि पुढे तुरुंगात अमानुष मारहाण सोसलेल्या या पक्षाच्या फॅनी लू हेमर यांनी 22 ऑगस्टला प्रतिनिधींची पात्रता ठरवणाऱ्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी तातडीने पत्रकारांना बोलावून कॅमेरे स्वतःकडे वळवले. तरीही वाहिन्यांनी ती साक्ष त्याच संध्याकाळी दाखवली.

सांगली जिल्ह्यात एका पक्षाचा कार्यकर्ता म्हणून अनेक वर्षे काम करताना, प्रतिनिधींची यादी सभेआधीच कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत ठरते आणि गावोगाव राबणाऱ्या बायकांना मंडपात मागच्या सतरंजीवर बसवले जाते, हे मी पाहिले आहे. म्हणूनच हेमर यांचे नावही लेखात नसावे, याचे मला फार वाईट वाटले.