चप्पल

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव कालपर्यंत ‘फुकेत फायटर्स’ होतं. आज सकाळी उठून बघतो तर ‘चप्पल आणि मंडळी’. नाव नित्याने बदललंय आणि त्याखाली बाकी दोघांनी हसून रडणारे चेहरे रांगेने टाकलेत. त्यातली चप्पल म्हणजे मी. हे सगळ्यांना आधीच माहीत असल्यामुळे निदान समजावून सांगायची नामुष्की टळली. इथे मात्र सांगावं लागणार.

आम्ही चौघं मुए थाई शिकायला फुकेतला गेलो होतो. चाळिशी ओलांडलेल्या, डोंबिवलीत राहणाऱ्या, लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी धन्य मानणाऱ्या माणसांनी थायलंडला जाऊन लाथाबुक्क्या का शिकाव्यात, हा प्रश्न माझ्या बायकोने, आईने आणि सोसायटीच्या वॉचमनने विचारून झालेला आहे. कल्पना नित्याची. कुठलीही कल्पना नित्याचीच असते, आणि पैसे भरून झाल्यावर ती सगळ्यांची होते.

फुकेतच्या चालोंग भागात सोय ता-इआद नावाची एक गल्ली आहे. गल्लीभर मुए थाईचे अड्डे, मधे मधे प्रोटीनचे शेक विकणारी दुकानं, किलोवर कपडे धुऊन देणाऱ्या बायका आणि स्कूटरवरून उघड्या अंगाने हिंडणारे रशियन. जगभरातून माणसं इथे मार खायला येतात. २०२४ पासून थायलंडने पाच वर्षांचा एक व्हिसा काढलाय, तो मुए थाई शिकणाऱ्यांनाही मिळू शकतो म्हणे. हे कळल्यावर संज्या दोन दिवस गंभीरपणे राजीनाम्याची भाषा करत होता. पहिल्या सकाळी दोरीवरच्या उड्या झाल्यावर तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

नित्याने निघायच्या आधी यूट्यूबवर सगळा इतिहास पिऊन घेतला होता. विमानात त्याने आम्हाला नाय खानोम तोमची गोष्ट ऐकवली. १७६७ मध्ये सयामची, म्हणजे तेव्हाच्या थायलंडची, राजधानी अयुत्थया पडली, बर्मी सैन्याने जे कैदी नेले त्यात हा होता, आणि १७७४ मध्ये बर्माच्या राजासमोर त्याने एकामागून एक दहा पैलवान लोळवून सुटका मिळवली, अशी आख्यायिका. दर १७ मार्चला थायलंडमध्ये त्याची आठवण काढतात. नित्या ही गोष्ट अशी सांगत होता की जणू खानोम तोम ठाकुर्लीला त्याच्या शेजारी राहत होता. पक्या मधेच म्हणाला, ‘‘दहा जणांना लोळवलं ते ठीक, पण जेवण काय देत होते त्याला?’’ पक्या शाकाहारी. त्या देशात ज्यात मासे नसतात त्यातसुद्धा माशांचं पाणी असतं. त्याचा बहुतेक प्रवास सेव्हन-इलेव्हनमधली केळी आणि ब्रेड यावर झाला. त्याच्याबद्दल मला अजूनही सहानुभूती आहे, कारण त्या व्हिडिओत मागे केळं खाणारा माणूस तोच आहे आणि तो हसत नाहीये. तोंड भरलेलं होतं म्हणून असेल.

तर व्हिडिओ.

मुए थाईची गोल लाथ ही साधी गोष्ट वाटते. ती तशी नाही. ज्या पायावर उभे आहात तो चवड्यावर फिरवायचा, कंबर आख्खी वळवायची, आणि मारायचं ते पावलाने नाही, नडगीने. माझी कंबर वळत नाही. बावीस वर्षं खुर्चीत बसून ती एका कोनात पक्की झाली आहे. कंबर वळत नसल्यामुळे पाय गुडघ्यापासून पुढचाच उडतो आणि पॅडला बोटं लागतात. आमचा प्रशिक्षक ईशान्य थायलंडमधल्या बुरीरामकडचा, लहानपणापासून रिंगणात मारामाऱ्या करून घराला पैसे पाठवलेला माणूस. चेहऱ्यावर जखमांच्या खुणा आणि स्वभाव कमालीचा गोड. माझी प्रत्येक लाथ घेतल्यावर तो ‘‘गुड, गुड’’ म्हणायचा आणि मग हळूच माझी कंबर हाताने धरून वळवून दाखवायचा. तो कधीही हसला नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. हसायला मुंबई-गोवा महामार्गावरून माणूस यावा लागला.

तिथले अड्डे चारही बाजूंनी उघडे असतात. वर पत्रा, खाली गाद्या, भिंती नाहीत. रस्त्यावरून जाणारा कोणीही उभा राहून तुमची अवस्था पाहू शकतो. त्या सकाळी समोर पर्यटकांची एक व्हॅन थांबली, ड्रायव्हर पाणी आणायला गेला, आणि पांढरी हाफ पँट, चौकड्यांचा शर्ट, गळ्यात टूर कंपनीचं कार्ड अशा एका काकांनी खाली उतरून कमरेवर हात ठेवले. मी लाथ मारली. काकांनी मान तिरकी केली. मी दुसरी मारली.

‘‘काय रे,’’ काका म्हणाले, ‘‘लाथ मारतंस काय चप्पल काढतंस?’’

परदेशात अचानक आपली भाषा ऐकू आली की ऊर भरून येतो असं लोक लिहितात. माझा पॅड चुकला.

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. संज्याने मात्र, दोरी हातात घेऊन, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, ‘‘काका, मराठी?’’ झालं. काका थेट गाद्यांच्या कडेला. चपला काढून, हे विशेष. ‘‘खयचो तू?’’ त्यांनी मला विचारलं. प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी चौघांतून मलाच का निवडावं हे मला समजलेलं नाही.

‘‘डोंबिवलीचा.’’

‘‘ता रवाचा झाला. गाव खयचा?’’

मी दम लागल्यामुळे खोटं बोलू शकलो नाही. ‘‘कणकवलीजवळ.’’

‘‘कणकवली!’’ काकांनी व्हॅनकडे वळून हाक मारली. ‘‘अगो, हो आपल्या कणकवलीचो!’’ मग पुन्हा माझ्याकडे, खालच्या आणि दुखावलेल्या आवाजात, ‘‘आनि ही लाथ?’’

एवढ्यात काकी उतरल्या. हातात प्लास्टिकची भलीमोठी पिशवी. काका आधीच कुठल्यातरी गोष्टीवर पेटलेले होते आणि त्यांना ऐकणारा हवा होता, हे मला तेव्हा कळलं. फुकेतच्या सहलींमध्ये काजूच्या कारखान्याला भेट हा एक ठरलेला थांबा असतो. काजू कसा फोडतात ते दाखवतात, मग चवीपुरता एकेक हातावर ठेवतात, मग दुकान. काकांना सकाळी तिथे नेलं होतं.

‘‘माका काजू दाखवूक हाडल्यानी,’’ काका म्हणाले. ‘‘माका! वेंगुर्ल्याच्या माणसाक! घराकडे वेंगुर्ला चार आसा, वेंगुर्ला सात आसा, बागेत उभ्याउभ्या जन्म गेलो. आनि थंय एक चेडू माका सांगता, सर, धिस इज कॅश्यू नट.’’

‘‘मग घेतलेत का?’’ पक्याने विचारलं. त्याला भूक लागली होती.

‘‘दोन किलो घेतल्यानी,’’ काकी म्हणाल्या. ‘‘लसूण लावलेले.’’

काकांनी हे ऐकलं नाही. त्यांचं लक्ष पुन्हा माझ्या पायाकडे गेलं होतं. प्रशिक्षकाने पॅड उचलून हाक दिली, विश्रांती संपली होती, आणि यापुढची फेरी मी समालोचनासह खेळलो. ‘‘कंबर! कंबर फिरव रे! वरचा वर सोड, खालना ये!’’ ‘‘आमच्या दशावतारात साठ वर्षांचो राक्षस तुझ्यापेक्षा उंच उडता!’’ ‘‘बोटां मोडशीत, नडगी घाल, नडगी!’’ चीड आणणारी गोष्ट अशी की सगळं बरोबर होतं. प्रशिक्षक जे गोड बोलून सांगत होता तेच काका ओरडून सांगत होते. प्रशिक्षकाला शब्द कळत नव्हते, पण काकांनी हवेत वळवून दाखवलेली कंबर त्याला पटली. तो खूश होऊन म्हणाला, ‘‘येस! पापा गुड!’’ आणि काकांपुढे पॅड धरला.

‘‘छे छे, माझ्या गुडघ्याचा ऑपरेशन झाला,’’ काका म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले.

इथे मला थोडं गंभीरपणे काही बोलायचंय. गुडघा माझाही दुखतो. पॅडवर पाय आपटतो तेव्हा ओलं फडकं ओट्यावर पडल्यासारखा केविलवाणा आवाज येतो, तो मलाही ऐकू येतो. पण माझ्याकडे ऑपरेशनचं निमित्त नव्हतं, पैसे भरलेले होते आणि मी मारत होतो. आपल्याकडे कठड्याला टेकून सांगणारे फार आणि पॅड पुढे आला की ऑपरेशन निघतं. क्रिकेटपासून मुलांच्या करिअरपर्यंत हेच चाललंय. वॉचमनसुद्धा मला म्हणाला होता, ‘‘साहेब, पोट आधी कमी करा, मग बॉक्सिंग.’’ पोट कमी करायलाच चाललो होतो ना! माणसाचं पोट ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं कुठल्या घटनेत लिहिलंय? तिथे शेजारच्या गादीवर एकशे दहा किलोचा एक रशियन लोळत होता, त्याला कोणी काही म्हणालं? काका म्हणाले का? नाही. त्याच्याकडे बघून काका म्हणाले, ‘‘कसो रेड्यासारखो आसा बघ.’’ कौतुकाने!

असो. प्रशिक्षकाला तो शब्द आवडला होता. लाथ लागली की बघणाऱ्यांनी ‘‘ओय!’’ ओरडायची तिथली रीत. आमचा गोड स्वभावाचा प्रशिक्षक माझ्या पुढच्या लाथेला, मनापासून प्रोत्साहन म्हणून, ओरडला, ‘‘चप्पल!’’ रशियनही ओरडला. दोरीवर उड्या मारणारी एक ब्राझीलची मुलगी ओरडली. काकांना हसता हसता खोकला आला. काकींनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘तू मनावर घेव नको हां.’’ सबंध प्रकरणात माणुसकीचं वाक्य हे एकच.

तोवर काकांनी मोबाइल काढला होता.

मी नको म्हणालो. दोन्ही हातांत ग्लोव्हज असल्यामुळे नको म्हणताना मी त्यांच्यावर ठोसे उगारतोय असं व्हिडिओत दिसतं, आणि तोच व्हिडिओचा सगळ्यात लोकप्रिय भाग आहे असं मला सांगण्यात आलंय. शूटिंग करता करता काकांनी चौकशी चालू ठेवली. आडनाव काय, वाडी कुठली, कुडाळला कोण असतं. मी काहीही उत्तर दिलं नाही. नित्याने दिलं. नित्या माझ्या मुंजीला आला होता, त्याला माझं सगळं खानदान पाठ.

‘‘कुडाळची? पोस्टात होती ती?’’ काकांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे तू पोस्टातल्या बायचो भाचो! अरे, तिचो नंबर आसा माझ्याकडे!’’

माणूस आठ हजार मैल गेला असता तरी हेच झालं असतं. आम्ही तर विमानाने पाच तासांच्याही आत होतो. व्हॅनचा हॉर्न वाजला, काकी म्हणाल्या, ‘‘चला, गाडी सुटतली,’’ काकांनी चपला पायात सरकवल्या. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून शेवटचं वाक्य टाकलंच, ‘‘पैशे दिवन मार कशाक खातंस? गावाक ये. आमच्या वाडीत फुकट मारूक धा जण तयार आसत.’’

मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत व्हिडिओ फुकेतहून कुडाळला, कुडाळहून डोंबिवलीला आणि डोंबिवलीहून माझ्या मोबाइलवर परत आला होता. आत्याने खाली लिहिलं होतं: ‘‘व्हिडिओ पाहिला. तब्येत जप. जमत नसेल तर परत ये, कोणी काही म्हणणार नाही.’’ आईचा फोन लगेच. तिला वाटलं थायलंडमध्ये मला कोणीतरी मारतंय. तसं नाही, मी मारतोय, हे समजावल्यावर ती म्हणाली, ‘‘कुठे? दिसत तर नाही.’’

मित्रांवर माझा राग याचसाठी आहे. काकांचं सोडा. काजूचा अपमान झालेला माणूस, कुठेतरी वाफ काढणारच. पण माझं खानदान सांगून टाकणारा नित्या, हाक मारून त्यांना बोलावणारा संज्या आणि केळं खात उभा राहणारा पक्या यांची लाथ काही माझ्यापेक्षा बरी नव्हती. संज्याच्या लाथेत तर पाय उचलला जातो की नाही यावरच मतभेद आहेत. पण त्याचा व्हिडिओ नाही, म्हणून त्याला नाव नाही. तो आता ऑफिसात माणसांना ‘‘आम्ही मुए थाई करतो’’ असं सांगतो.

आणि परत आल्यावर नित्याने खर्चाचा हिशेब टाकलाय. त्यात मालिशच्या तेलाच्या दोन बाटल्या चौघांत वाटल्यात. एक संज्याच्या हातून हॉटेलच्या बाथरूममध्ये फुटली, सबंध मजला दोन दिवस उग्र वासाने डोळे पुसत होता, मॅनेजरची बोलणी मी खाल्ली. दुसरी पक्याच्या बॅगेतून त्याच्या सासऱ्यांच्या गुडघ्यावर गेली. माझ्या नडगीला त्यातलं थेंबभर लागलेलं नाही. माझा हिस्सा मी पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही. ग्रुपवर तशी आठवण आली की खाली संज्याचं उत्तर येतं: ‘‘चप्पल, पैसे काढ.’’