एवढीशी तर आहे!

आज संध्याकाळी ओळखीतल्या एका बाईंकडे चहाला गेले होते. तिथून डोकं फिरवून घरी आलेय, ते अजून जागेवर आलेलं नाही. त्या फेसबुकवर नाहीत, म्हणून मोकळेपणाने लिहितेय.

नवीन घर, नवीन शोकेस. दुबईचा उंट, आयफेल टॉवर, बुद्धाचं डोकं (ते असतंच) आणि सगळ्याच्या मधोमध एक बुटकी काचेची बाटली, गळ्याला सोनेरी दोरी. आत जाडी पांढरी वाळू, मधूनच गुलाबी, मधूनच हिरवट. मी सोफ्यावरूनच ओळखली. तांदळाच्या कणीएवढा दाणा असलेली वाळू मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलीय.

"सार्डिनियाची ना?"

"हो गं, इस अरूतास! तू पण जाऊन आलीस ना? तू नाही आणलीस?"

म्हटलं, तिथून वाळू न्यायला बंदी आहे. तर म्हणाल्या, "हो, पाटी होती की. पण एवढीशी तर आहे! कोण बघतंय?" आणि लगेच पुढे, "आमचा मुलगा-सून मे महिन्यात जाणारेत, बेस्ट बीच कुठले ते जरा लिहून दे ना."

मी हसले. बिस्कीट खाल्लं. बाटलीबद्दल एक अक्षर बोलले नाही. राग त्यांचा आलाय की माझा, तेच कळत नाहीये.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेर आम्ही इटलीच्या सार्डिनिया बेटावर गेलो होतो. धाकटा भाऊ तुरीनला असतो, तो, मी आणि आई. आई चौऱ्याहत्तरची. सुती साडी, खाली स्पोर्ट्‌स शूज, डोक्यावर भावाची टोपी. इस अरूतासला पोचलो तेव्हा चार वाजले असतील. ओरिस्तानोजवळच्या सिनिस द्वीपकल्पावरचा हा किनारा. तिथली वाळू पिठासारखी नाही, स्फटिकाचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे गुळगुळीत दाणे असतात. आईने बूट काढले, मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाली, "अगं, ही तर कणी! आंबेमोहोराची कणी!" मग अगदी सहज, घरच्यासारखं, पदराच्या टोकात चिमूटभर घालून गाठ मारली. देवापाशी ठेवायला. रामेश्वरची वाळू काशीयात्रेला नेतात, गंगेचं पाणी रामेश्वरला नेतात, त्यातलाच प्रकार. तिच्या डोक्यात शोकेस वगैरे काही नव्हतं.

समोर घडीच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. आईच्याच वयाच्या, पोहायच्या पोशाखात, उन्हाने खरपूस भाजलेल्या. त्या उठल्या, आईजवळ आल्या आणि तिच्या पदराच्या गाठीवर बोट ठेवलं. ओरडल्या नाहीत. नुसती मान हलवली, आपण नातवाला हलवतो तशी. पुढचं नंतर सांगते, आधी यादी.

कारण यादी मागितलीय ना. घ्या.

सार्डिनिया म्हणजे भूमध्य समुद्रातलं सिसिलीखालोखाल मोठं बेट, सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर. किनारा आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे तीन दिवसांत 'कव्हर' करू म्हणणाऱ्यांनी जाऊच नये. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, जी आम्हाला तिथल्या पेट्रोल पंपावरच्या माणसाने सांगितली: वायव्येकडून माएस्त्राले वारा सुटला की पश्चिमेचे किनारे सोडायचे आणि पूर्वेला पळायचं. ब्लॉगवाले हे सांगत नाहीत, ते फोटो टाकतात.

पहिला नंबर, स्तिंतीनोचा ला पेलोसा. रंग खोटा वाटतो. समोर सोळाव्या शतकातला टेहळणीचा बुरूज आणि त्यामागे असिनारा बेट, जिथे १९९७ पर्यंत तुरुंग होता आणि आता पांढरी गाढवं मोकळी फिरतात. उन्हाळ्याच्या मोसमात ला पेलोसावर दिवसाला १५०० माणसं, त्याहून एक जास्त नाही. आधी नोंदणी, साडेतीन युरो आणि टॉवेलखाली चटई सक्तीची. का? टॉवेलला वाळू चिकटून जाते म्हणून! हजारो टॉवेल, प्रत्येकाला चिकटलेली 'एवढीशी'. भाऊ चटया विसरला होता, तर किनाऱ्याजवळच्या दुकानातून दुप्पट भावाने घ्याव्या लागल्या. तेव्हा मीही वैतागले होते, कबूल.

दुसरा, पूर्व किनाऱ्यावरचा काला गोलोरित्झे. बाउनेईच्या वरच्या पठारावरून साडेतीन किलोमीटर उतरायचं आणि मग तेवढंच, गुडघे शिव्या देत असताना, चढायचं. दिवसाला २५० माणसं. होडी किनाऱ्याला लागू देत नाहीत. १९६२ साली कडा कोसळला त्यातून हा किनारा तयार झाला, म्हणजे वयाने माझ्या आईहूनही लहान. पांढरे गोटे, कड्यातली कमान आणि डोक्यावर १४३ मीटरचा सुळका. आईला हे झेपणारं नव्हतं, म्हणून तिला दुसऱ्या दिवशी काला गोनोनेहून बोटीने काला लूनाला नेलं. तिथे मोठमोठ्या गुहा आहेत, आत गार सावली. आई तिथे दोन तास बसली आणि म्हणाली, मला आता कुठेही नेऊ नका. हीच माझी शिफारस. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी गोलोरित्झेचा हट्ट सोडा.

तिसरा किनारा बघायचाच नाहीये. ला माद्दालेना द्वीपसमूहातलं बुदेल्ली बेट, तिथला स्पियाज्जा रोझा, गुलाबी किनारा. समुद्रातल्या गवतावर राहणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या गुलाबी कवचांनी वाळू रंगते. लोकांनी बाटल्या भरभरून नेली, रंग फिका पडायला लागला. १९९४ पासून पाय ठेवायला बंदी. बोटीतून लांबून बघायचं. त्या बेटावर माउरो मोरांदी नावाचा माणूस १९८९ पासून २०२१ पर्यंत एकटा राहिला, राखणदार म्हणून. बत्तीस वर्षं. मागच्या वर्षी जानेवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, गेला तो. आमच्या बोटीतल्या एका बाईने विचारलं, "मग एवढ्या लांब आणलंत कशाला?" आणि ते मराठीत विचारलं, म्हणून मला कळलं!

बघा, परत राग आला.

अहो, २०१९ साली एक फ्रेंच जोडपं पोर्तो तोर्रेसला बोटीवर चढताना पकडलं गेलं. गाडीत १४ बाटल्या, ४० किलो वाळू, दक्षिणेच्या कियाच्या किनाऱ्यावरची. त्यांचं म्हणणंही तेच, आठवण म्हणून नेत होतो, माहीत नव्हतं. २०१७ पासून तिथे कायदा आहे, दंड ५०० ते ३००० युरो. ढोबळ हिशेबाने पन्नास हजार ते तीन लाख रुपये. इथे मात्र सोनेरी दोरी!

हो, मला माहितीय कमेंटमध्ये काय येणार. आपल्याकडे डंपर भरभरून नदीची वाळू जाते तेव्हा कुठे असतेस? बरोबर आहे. नसते कुठेच. पुढे?

आणि हेही येईल की नियम फक्त गरिबांना. आहे त्यात तथ्य. कोस्टा स्मेराल्डाला गेलो तेव्हा पोर्तो चेर्वोच्या बंदरात उभ्या असलेल्या याटींना कोणी चटई घालायला सांगत नव्हतं. ही सगळी श्रीमंतांची वसाहत १९६२ पासून इस्मायली खोजांचे धर्मगुरू प्रिन्स करीम आगाखान यांनी उभी केली. होय, तेच, ज्यांनी १९६९ साली आपल्या नगर रोडवरचा आगाखान पॅलेस देशाला देऊन टाकला. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "कस्तुरबा गेल्या तो?" मग बराच वेळ गप्प. तिथल्या एका किनाऱ्याचं नावच राजपुत्राचा किनारा, स्पियाज्जा देल प्रिन्चिपे, त्यांच्यावरून. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण एका कॉफीच्या किमतीत पुण्यात दोघांचं जेवण होतं. पोहून या, कॉफी घरून न्या.

उरलेले पटापट. पिशिनासला वाळूच्या टेकड्या, जवळच्या बंद पडलेल्या खाणी बघा. तुएर्रेद्दा ऑगस्टमध्ये मुळीच नको, अख्खी इटली तिथे असते. काल्यारीचा पोएत्तो शहराला लागूनच, बसने जाता येतं, आणि पाठीमागच्या मोलेंतार्ज्युसच्या खाजणात रोहित पक्षी. कुठेही तपकिरी वाळक्या गवताचे ढीग दिसले तर नाकं मुरडू नका. ती घाण नाही. पोसिदोनिया म्हणतात, भूमध्य समुद्रातलीच पाणवनस्पती. ते ढीग लाटांचा मार अंगावर घेतात म्हणून मागची वाळू राहते. माझ्या भावाने पहिल्या दिवशी "स्वच्छता ठेवत नाहीत लेकाचे" म्हणून पाऊण तास भाषण दिलं होतं, त्याला हे वाचायला टॅग करतेय.

तर त्या आजी.

आईने गाठ सोडली. दाणे खाली पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी भावाला म्हणतेय, सॉरी म्हण रे, सॉरी म्हण. आजींचं लक्षच नाही आमच्याकडे. त्यांनी आईच्या साडीकडे बघितलं. खालचा काठ ओला, त्याला बोटभर वाळू चिकटलेली. आणि ती बाई चक्क गुडघ्यावर बसली आणि आईच्या साडीचा काठ हाताने झटकायला लागली. निऱ्या एकेक उलगडून. आई "अहो, नको, नको, राहू दे" करतेय मराठीत, त्या त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटतायत, आणि दाणे टपटप खाली. आईच्या काठाला इतक्या मायेने कोणी हात लावलेला मी माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

मग त्यांनी डब्यातून सोललेली फळं काढली, लालकेशरी, आणि आईच्या हातावर ठेवली. भाऊ म्हणाला, "फिको दिंदिया. म्हणजे भारताची अंजिरं." आईने एक तोंडात टाकलं आणि खो-खो हसायला लागली. "मेल्या, ही तर फड्या निवडुंगाची बोंडं! लहानपणी माळावर खायचो, जीभ लाल व्हायची." निवडुंग मुळात मेक्सिकोचा, नाव भारताचं, आणि दोन म्हाताऱ्या सार्डिनियात बसून खातायत. दोघींनी जिभा बाहेर काढून एकमेकींना दाखवल्या. फोटो नाही माझ्याकडे. बरं झालं.

म्हणूनच त्या शोकेसपुढे माझं डोकं फिरलं. जिथे एक बाई परक्या बाईच्या पायाशी बसून दाणे परत मिळवते, तिथून तुम्ही बाटली भरून आणता. तेही पाटी वाचून.

इथपर्यंत टाइप केलं आणि आईला वाचून दाखवलं. वाटलं, खूश होईल. ती चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "त्या बाईंना काही बोलू नकोस हं."

"का? बोलणारच."

"नको. माझ्याकडेपण आहेत."

म्हटलं, काय आहेत? तर उठली, देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा आणला. आत तीन दाणे. परत आल्यावर त्या साडीचा फॉल उसवला होता, शिवायला घेतला तेव्हा शिवणीत सापडले म्हणे. दोन वर्षं बोलली नाही. "आणले नव्हते मी, आले होते," हे तिचं म्हणणं. "आणि टाकणार कुठे? कचऱ्यात?"

आता मी काय बोलणार? एवढेसेच तर आहेत.

लगेच भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, लोक टपालाने परत पाठवतात, मी मे महिन्यात जाणार आहे, माझ्याकडे द्या, नेऊन टाकतो. आई एका पायावर तयार. पण दाणे कुंकवाने लालभडक झालेत. भावाचं म्हणणं, साबणाने धुऊन दे. आईचं म्हणणं, देवापाशी होते, साबण लावायचा नाही, जातील तसे जातील. अर्धा तास झाला, दोघं अजून भांडतायत.