ग्रंथसंपदा : नजर अंदाजाने

अभिनंदन! शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज अखेर तुमच्या गळ्यात पडला. म्हणजे चार लोखंडी कपाटं, त्यांपैकी तिघांच्या किल्ल्या, आणि यू-डायसच्या (सरकार दरवर्षी मागवतं त्या शाळेच्या माहितीच्या) फॉर्ममधला एक रिकामा चौकोन : ग्रंथालयातील एकूण पुस्तकं. माहिती उद्या भरायची आहे आणि ग्रुपवर केंद्रप्रमुखांचे मेसेज पडायला लागले आहेत. अशा वेळी नवख्या माणसाला वाटतं, चला, पुस्तकं मोजून टाकू. हा विचार घोटभर पाणी पिऊन घालवा.

नाशिक जिल्ह्यात राहता आणि मोजायच्या गोष्टी करता? आपल्याकडे पिकांची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयाला किती पैसे आलं याचा सरकारी आकडा, निघते : आधी नजर अंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि 50 पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती. ग्रंथालयाचीही तशीच काढा. अनुदान मागायचं असेल तेव्हा पुस्तकं मोजकी, जीर्ण आणि ‘विद्यार्थीसंख्येच्या मानाने अपुरी’. प्रवेशाच्या माहितीपत्रकात तीच ‘हजारो ग्रंथांची समृद्ध संपदा’. तपासणीला साहेब येणार असतील तर गेल्या वर्षीचा आकडा, अधिक थोडं. फक्त तिन्ही कागद एकाच फाइलला लावू नका.

आकडा गोल नको. 5,000 लिहिलंत की साहेब चष्मा वर करतात. 4,987 लिहिलंत की त्यांना वाटतं, बिचाऱ्याने मोजलंय.

हा आकडा आणायचा कुठून? दाखल नोंदवहीतून, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीतून. शेवटचा दाखल क्रमांक बघा, झालं. या वहीत एकदा शिरलेलं पुस्तक मरत नाही. वाळवी, पावसाळा, बदली होऊन गेलेले गुरुजी, कुणीही त्याचं काही वाकडं करू शकत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे बाद पुस्तकं कमी करण्याचा, रकाना पहिल्या पानापासून कोरा आहे, तो तसाच पवित्र ठेवा. वही चाळाच एकदा, मजा येते. सुरुवातीला टाकाच्या निळ्या शाईतलं वळणदार अक्षर, किंमत रुपये दोन पैसे पन्नास. पुढे बॉलपेन. मग ओलीने चिकटलेली आठ-दहा पानं. आणि त्यानंतर एका जागी 3,199 च्या खाली 3,200 ऐवजी चक्क 4,000. एका ओळीत 800 पुस्तकं जन्माला आली, ना मागणीपत्र, ना बिल! ते दुरुस्त करायला जाऊ नका. इतकी स्वस्त ग्रंथखरेदी पुन्हा होणे नाही.

भर घालायची तर पाठ्यपुस्तकं आहेतच. बालभारतीने 2023-24 मध्ये पुस्तकं वहीच्या कोऱ्या पानांसकट चार-चार भागांत काढली, तेव्हा ज्यांनी प्रत्येक भाग वेगळा दाखल केला ते खरे दूरदृष्टीचे. शिवाय गाइडं, जुन्या अहवालांचे गठ्ठे, पाहुण्यांनी सत्काराच्या बदल्यात गळ्यात मारलेले स्वतःचे कवितासंग्रह (प्रती पन्नास). द्राक्षांच्या खोक्यात बांधून वर ठेवलेलं जे काही असेल ते सगळं ‘संदर्भग्रंथ’.

कमी करायची वेळ आली तर गोदामाई आहे. 1969, 2008, 2016, यांतला सोयीचा पूर निवडा. नाशिककर ज्याच्यावरून पूर मोजतात त्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं असेल तर एक कपाट वाहून गेलं, डोक्यावरून गेलं असेल तर दोन. शाळा पाथर्डी फाट्याला आहे, तिथे पूर कसा पोहोचला, असं विचारणारा तपासनीस अजून जन्माला यायचाय.

आता एक धोक्याची सूचना. स्टाफरूममध्ये एखादे गणिताचे सर असे भेटतील, की अंदाजच हवा ना, मग नीट काढू. ते टेप आणतील. जाड कादंबऱ्या मीटरभर फळीत तीसेक बसतात, पिना मारलेली 16 पानी गोष्टींची पुस्तकं काहीशे, म्हणून दोन्ही वेगळी मोजा आणि फळ्यांच्या लांबीने गुणा, म्हणतील. किंवा नोंदवहीतले 100 क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढायला लावतील आणि तेवढीच पुस्तकं कपाटात शोधतील. 62 सापडली, तर नोंदीतल्या पुस्तकांपैकी शेकडा 62 शिल्लक, दहाएक इकडेतिकडे. दुपारच्या सुट्टीपर्यंत काम तमाम. पण मग उरलेल्या 38 टक्क्यांचं काय? ती कधी गेली हे कुणाला ठाऊक नाही, सापडली नाहीत ती मात्र तुमच्या चार्जमध्ये. वीस वर्षं कुणी मोजलं नाही ते आळसापोटी असं तुम्हाला वाटत होतं की काय?

मोजणं अगदीच टळत नसेल तर केंद्राची 2017 ची वित्तीय नियमावली तोंडावर फेका. आपल्या शाळेला ती लागू नाही, पण फेकायला चांगली जाड आहे. 20,000 पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी संपूर्ण पडताळणी करा, असं ती म्हणते. हे वाक्य वाचून दाखवू नका. पुढचं दाखवा : वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, तर ते नुकसान वाजवी समजता येतं, लबाडी वा हलगर्जी नसली म्हणजे झालं. जितकं वाटप, तितकी माफी. तेव्हा देवघेव रजिस्टर रोज भरा. पाचवी ‘ब’ची मुलं शांत स्वभावाची आहेत, कुलूपबंद कपाटातली पुस्तकं ती मुकाट्याने वाचतात आणि वेळेत परत करतात.

आणि दारावरच्या फळ्यावर ‘एकूण ग्रंथ’ लिहाल ते खडूने. मागच्या मॅडमनी हौसेने ऑइलपेंटने लिहून घेतला होता, तो आकडा खरवडायला शिपाईमामांना अख्खी दिवाळीची सुट्टी लागली.