कोय बारीक म्हणून आंबा जीएम?

हापूसच्या पेट्या सुटायला लागल्या की आमच्या वाडीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज येतो. ‘स्टिकरवरचा नंबर 8 ने सुरू झाला तर फळ जीएम (म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं), 9 ने झाला तर सेंद्रिय. बिनबियांचं कलिंगड, बारीक कोयीचा आंबा, सगळं जीएम. सेंद्रिय फळावर औषधाचा थेंब नसतो.’ यंदा तो वाचून काकूंनी आणलेलं कलिंगड शेजारी देऊन टाकलं. (शेजारी ठणठणीत आहेत.)

भारतात व्यापारी लागवडीत उतरलेलं अधिकृत जीएम पीक एकच, बीटी कापूस (अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला), तेही 2002 पासून. बीटी वांगं 2010 मध्ये रोखलं, जीएम मोहरीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. इथल्या बागेतल्या फळात जीएम शोधण्यापेक्षा कापसाच्या सरकीच्या तेलाची बाटली बघा. तिच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

बारीक कोयीचा ‘सिंधू’ तर आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ आला, रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू. एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या मोहोरावर, एवढंच. बिनबियांच्या कलिंगडात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून बी धरत नाही.

नंबरांपैकी 9 चं खरं आहे. 8 जीएमसाठी राखून ठेवला होता, पण दुकानांत तो कधी दिसलाच नाही. आणि देवगडच्या बागेतून थेट आलेल्या पेटीत कसलं स्टिकर शोधणार? पाकिटबंद सेंद्रिय मालावर सेंद्रिय प्रमाणपत्राचं सरकारी चिन्ह बघावं. थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला त्यातून सूट आहे, तिथे माणूस ओळखीचा हवा.

थेंबाचं म्हणाल, तर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय बागेतही मर्यादेत चालतं, निमतेलही. रासायनिक कीटकनाशकांचे अंश सेंद्रिय मालात सहसा कमी सापडतात, हे मात्र मान्य.

मेसेज ज्यावर गप्प आहे ते फळं झटपट पिकवायचं रसायन, कॅल्शियम कार्बाइड. त्यावर बंदी आहे, इथिलीन वायूने पिकवायला परवानगी आहे. पण कार्बाइडची पुडी पेटीत पडते ती फळ उतरल्यावर, बाग सेंद्रिय असो वा नसो. म्हणून विचारायचं ते हे: आंबा पेंढ्याच्या आढीत पिकवलाय की कशात?

काकूंना म्हटलं, नंबर सोडा, देठाजवळ वास घेऊन बघा. म्हणाल्या, “वास मी चाळीस वर्षं घेतेय रे. पण मेसेज डॉक्टरांनी पाठवलाय ना!”