पर्समधली अंगठी

२०११ च्या मे महिन्यात भर दुपारी स्कुटीवरून हिंगणा एमआयडीसीत इंटरव्ह्यूला गेले होते. नागपूरचं मे महिन्याचं ऊन, डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला दुपट्टा, आणि साखरपुड्याची अंगठी काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात. साहेबांचा तिसराच प्रश्न, "लग्नाचं काय?" मी म्हटलं, "सध्या काही विचार नाही, सर." डिसेंबरची तारीख ठरली होती, हॉलला ॲडव्हान्सही देऊन झाला होता. नोकरी लागली. आता मी स्वतः एचआरमध्ये आहे, टेबलाच्या पलीकडे बसते. त्या खोट्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे मी खरं बोलण्याबद्दल लिहिणार आहे आणि कोणीतरी कमेंटमध्ये "तुम्ही कधी खोटं बोलला नाहीत का?" विचारणारच.

विषय निघाला भाच्यावरून. पोट्टा दोन वर्षं एमपीएससीच्या मागे होता, आता मिहानमध्ये एका कंपनीत इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. घरी आला, तर्री-पोह्याची प्लेट हातात घेऊन म्हणतो, "मावशी, मधली दोन वर्षं कशी दाखवू? मित्र म्हणतात, कन्सल्टन्सीवाल्याकडून एक्स्पिरियन्स लेटर घेऊन टाक. सगळेच घेऊन राहिले."

मला माहीत आहे हा धंदा. लेटर मिळतं, पगाराच्या स्लिपा मिळतात, फोन आला तर "हो, आमच्याकडेच होता" म्हणणारा माणूसही मिळतो. पण २०१४ पासून पीएफला यूएएन आहे, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा एकच नंबर. कोणत्या कंपनीनं कोणत्या महिन्यात किती भरले, सगळं त्या नंबरावर दिसतं. कंपनी लहान होती, पीएफ कापत नव्हती म्हणाल, तर पगार जमा झालेल्या खात्याचं स्टेटमेंट मागतात. ते कुठून आणणार? आणि हे बऱ्याचदा रुजू झाल्यावर उघडं पडतं. व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट दोन-तीन महिन्यांनी येतो, तोवर पोरानं हप्त्यावर गाडी घेतलेली असते. अशा एकाला मी स्वतः घरी पाठवलंय. समोर बसून रडला. मी पाण्याचा ग्लास दिला, दुसरं काय देणार होते!

उलट मागच्या वर्षी अकाउंट्सच्या जागेसाठी एक मुलगा आला होता. टॅली येते का? येते. माल पाठवताना काढायचं ई-वे बिल? "मॅडम, कधी केलं नाही. दुसऱ्यानं करताना बघितलंय." त्याला घेतलं. ई-वे बिल दोन दिवसांत शिकवता येतं. त्याच्या आधी आलेल्यानं "सगळं येतं" म्हटलं होतं, त्याला संगणकासमोर बसवलं तर जीएसटीसाठी मालाचा एचएसएन कोड कुठे टाकायचा ते विचारत होता.

तर माझा हिशेब असा, की कामाबद्दल विचारलं तर खरं सांगायचं. काय येतं, काय नाही, कुठे किती दिवस होतो, शिफ्ट झेपेल की नाही. नागपूरच्या एका टोकाच्या कामठीचा माणूस दुसऱ्या टोकाच्या बुटीबोरीच्या सकाळच्या शिफ्टला "चालेल ना सर" म्हणतो आणि पंधरा दिवसांत फोन उचलणं बंद करतो, त्यात कोणाचंच भलं नाही. पण माझ्या पोटात, घरात, कुंडलीत काय चाललंय, हे विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळायचा हक्कच नाही. २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांची झाली. ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, न बसणाऱ्या बाईचा तो पगार मालकालाच द्यावा लागतो, म्हणून आता प्रश्न आडून येतो. "घरी कोण कोण असतं?" बाई, मी पण विचारलाय तो. साहेबांनी विचारायला लावला होता, पण तोंड माझंच होतं.

आणि खरेपणाचा सगळा भार उमेदवारावरच का? मी जे ऑफर लेटर टाइप करते त्यात वर्षाचा आकडा मोठा दिसावा म्हणून कंपनीचा पीएफचा हिस्साही धरलेला असतो आणि बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही, जी साधारणपणे पाच वर्षं टिकला तरच हातात पडते. पोरगं त्या आकड्याला बारानं भागतं आणि आईला फोन लावतं. पहिल्या पगाराला विचारायला येतं, "मॅडम, काही चुकलं का?" काही चुकलेलं नसतं. ते लेटर कायदेशीर असतं, इतकंच.

म्हणून आधीचा पगार थोडा फुगवून सांगणाऱ्याचा मला फारसा राग येत नाही. फक्त स्लिप मागणार आहेत हे लक्षात ठेवा.

भाच्याला म्हटलं, "दोन वर्षं एमपीएससी केली, जमली नाही, एवढंच सांग. लांबण लावू नको." तो तसंच बोलला. समोरचे म्हणे हसले, त्यांचाही एक भाऊ यातूनच गेलेला. निवड झाली.

संध्याकाळी पेढे घेऊन आला. म्हणाला, "शेवटी विचारलं, परत फॉर्म भरणार का? मी नाही म्हटलं."

फॉर्म त्यानं आदल्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपवर भरला होता. मी पेढा खाल्ला.