‘ओळ मोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ऑटिझम असलेल्या लहान मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरत असतो. थांबला म्हणेपर्यंत नवा फोटो लावून परत येतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मूल खेळण्यांची ओळ लावत बसलं तर ती लगेच मोडा. खेळणी जितकी जास्त आणि झगमगीत, तितकी प्रगती लवकर. ‘ऑटिझम स्पेशल’ खेळणी घ्या, मूल शांत होतं. आणि खोक्यावरचं वय बघून खेळणं निवडा, बाकी काळजी नको.

मी विशेष शिक्षिका आहे. दिवसभर अशाच पसाऱ्यात बसलेली असते. (त्यातली निम्मी खेळणी नसतातच, झाकणं, कपड्यांचे चिमटे, बुटांचे खोके.) मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘ओळ मोडा’ हा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून तो आधी. ओळ लावणं हे ऑटिझमच्या खुणांपैकी एक आहे, हे खरंच. ऑटिझमचं वर्णन पहिल्यांदा करणाऱ्यांपैकी एक, बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांविषयी जो लेख लिहिला त्यातही हे येतं: ठोकळे कसेही पसरलेले असोत, कित्येक दिवसांनी तीच मांडणी, ठोकळ्याचा तोच रंग वर ठेवून, पुन्हा लावली जायची. मला यात आधी दिसते ती स्मरणशक्ती आणि नजर. खूण पुसली म्हणून ऑटिझम जात नाही. मुलाला एवढंच कळतं की हे मोठं माणूस जवळ आलं की माझं बिघडतं.

चार वर्षांचा एक मुलगा भिंतीलगत गाड्या लावायचा. घरी ओळ मोडली जायची आणि तो डोकं आपटून घ्यायचा. मी त्याच्या शेजारी जमिनीवर पालथी पडले, त्याच्या गाड्या माझ्या ओंजळीत घेतल्या आणि एकेक पुढे करत राहिले. बोलले काहीच नाही. दोन दिवस त्याने माझ्याकडे न बघता गाड्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी मी गाडी पुढे केलीच नाही, हातात धरून थांबले. त्याने हाताकडे पाहिलं, मग क्षणभर चेहऱ्याकडे. ते मागणं होतं. शब्द नव्हता, पण मागणं होतं. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली चित्र देऊन वस्तू मागायला शिकवण्याची पद्धत आणली, तिची सुरुवातही मुलाला हव्या असलेल्या वस्तूपासूनच होते. या मुलाला गाडी हवी होती ती ओळीसाठी. ओळ मोडली असती तर त्याने माझ्याकडे मागायचं तरी काय?

आता ‘जास्त आणि झगमगीत’. बटण दाबलं की गाणारं खेळणं छान दिसतं, पण त्याला दुसऱ्या माणसाची गरजच नसते. मूल तेच बटण चाळीस वेळा दाबतं आणि आपण बघत बसतो. शिवाय तोच आवाज एकाला कानात खुपतो, तर दुसरा स्पीकरला कान चिकटवून बसतो. संवेदनांमधला हा फरक २०१३ पासून डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार-निदान पुस्तिकेतल्या ऑटिझमच्या निकषांतही आहे. त्यापेक्षा बुटांचा खोका बघा. झाकणाला एक चीर, डावीकडे वाटीत बाटल्यांची मोठी झाकणं, सहाच. मूल एकेक झाकण चिरेतून आत टाकतं, ‘टप्’ आवाज येतो, वाटी रिकामी होते. काय करायचं, किती करायचं आणि संपलं कधी, हे सगळं वस्तूच सांगते; माझी बडबड लागत नाही. नॉर्थ कॅरोलायनात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांनी ऑटिझम असलेल्या मुलांसाठी उभ्या केलेल्या ‘टीच’ (TEACCH) कार्यक्रमातली कामं याच धर्तीची असतात, डावीकडून उजवीकडे. एक धोका मात्र राहतो. मूल ‘टाकणं’ शिकतं ते त्याच खोक्यापुरतं. म्हणून मी आठवड्याने खोका बदलते, मग जागा, मग समोरचा माणूस. आईसोबत जमलं की मगच मी ते जमलं असं धरते.

‘ऑटिझम स्पेशल’ या शिक्क्याबद्दल फार लिहीत नाही. २०१७ साली फिजेट स्पिनर, म्हणजे बोटांवर फिरवायच्या भिंगऱ्याही, असेच खपले. शांत झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या, आत वजन भरलेल्या जड पांघरुणांची २०१४ मध्ये ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवर चाचणी झाली. झोप साध्या पांघरुणापेक्षा वाढली नाही. मुलांना आणि पालकांना ती आवडली मात्र जास्त. आवडणं हे कारण मला पुरेसं वाटतं. उपचार म्हणून विकू नये, इतकंच.

राहिलं वय. खोक्यावरचा ‘३+’ हा आकडा धरून चालतो की तीन वर्षांनंतर मूल वस्तू तोंडात घालत नाही. आमच्याकडची सहा-सात वर्षांची कितीतरी मुलं घालतात. त्यांच्या हाती बटण सेल (बटणासारखी चपटी गोल बॅटरी) किंवा छोटी चुंबकं लागता कामा नयेत. अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल दोन तासांत आतून भाजतो. आणि पाण्यात फुगणारे ते रंगीत मणी तर अजिबात नकोत. गिळले की पोटात फुगून आतडं अडवू शकतात, साध्या एक्स-रेत सहसा दिसतही नाहीत. मेसेजच्या या खेपेच्या फोटोत नेमके तेच आहेत, परातभर, आणि मुलाचे दोन्ही हात त्यात कोपरापर्यंत.